बरे वाटत असतानाही घ्यायचे औषध

एमएस या आजारावरचे दीर्घकालीन उपचार आणि घरच्यांची साथ

समजा, तुमच्या घरातली अठ्ठावीस वर्षांची सून. शाळेत शिकवते, घर सांभाळते, धावपळीत दिवस कसा जातो तिला कळत नाही. एके दिवशी फजरच्या वेळी वुजू करताना तिच्या लक्षात येते की उजव्या हाताला पाणी गार लागते, डाव्या हाताला मात्र काहीच नीट कळत नाही. आठ-दहा दिवसांत हात पूर्ववत होतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, खाण्यापिण्याकडे लक्ष दे. काही महिन्यांनी एका डोळ्याला धूसर दिसू लागते. डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. चष्म्याचा नंबर तपासून होतो. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते मोबाइल फार बघते. शेवटी एक डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला लावतात आणि घरात पहिल्यांदाच एक नाव येते: मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस.

तीन ते पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिले जाते. डोळा हळूहळू सुधारतो. घर सुटकेचा श्वास टाकते, अम्मी शुक्राने की नमाज पढतात. आणि नेमके तेव्हाच न्यूरोलॉजिस्ट सांगतात की खरा इलाज आता सुरू करायचा आहे आणि तो अनेक वर्षे चालणार आहे.

"पण डॉक्टर, आता तर ती बरी आहे ना?"

बहुतेक घरांत हा प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याची काही चूक नसते. ताप उतरला की गोळी बंद, खोकला गेला की बाटली बंद, असेच आपण लहानपणापासून पाहत आलो. एमएसचे औषध मात्र या सवयीच्या अगदी उलट वागते. हे औषध बरे वाटत असतानाच घ्यायचे असते, आणि जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग जास्त.

आत काय चालले आहे?

आपल्या नसा म्हणजे विजेच्या तारा समजा. तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, तीच चुकून या आवरणावर हल्ला करते. ज्या जागी आवरण सोलले जाते, तिथून जाणारा निरोप अडखळतो. म्हणून कुणाला डोळ्याचा त्रास होतो, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा राहत नाही, तर कुणाला फक्त असह्य थकवा येतो.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो कुणाच्या पापाची शिक्षा नाही आणि कुणाची नजरही नाही. फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुतेकांमध्ये तो वीस ते चाळीस या वयात दिसू लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटीहून अधिक आढळतो. २०२० च्या जागतिक गणनेनुसार जगात सुमारे २८ लाख लोक एमएससोबत जगत होते. भारतात त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे, पण एमआरआयची सोय वाढली तशी निदानेही वाढली.

शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुग्णांमध्ये आजार उसळ्या घेत येतो. काही दिवस किंवा आठवडे त्रास होतो, मग तो पूर्ण किंवा बराचसा ओसरतो. या उसळीला डॉक्टर 'रिलॅप्स' म्हणतात. उरलेल्यांमध्ये तो सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जातो.

इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावी. दोन उसळ्यांच्या मधला काळ वरून शांत दिसतो, पण आत तो नेहमीच शांत नसतो. जाणवलेल्या एका उसळीमागे एमआरआयवर अनेक नवे डाग दिसू शकतात. तरुण मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवून नेतो, म्हणून बाहेर काही कळत नाही. पण ही शिल्लक संपत जाते आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी चालण्यात, लक्षात ठेवण्यात तिचा हिशेब समोर येतो. दीर्घकालीन औषध ही शिल्लक वाचवण्यासाठी असते.

स्टिरॉइड वेगळे, हे औषध वेगळे

उसळी आली की दिले जाणारे स्टिरॉइड सूज लवकर उतरवते. त्याचे काम तेवढेच. पुढची उसळी ते रोखत नाही. तरीही काही रुग्ण महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खात राहतात, कारण त्याने लगेच बरे वाटते. त्यातून साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, वजन वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, आणि एमएस मात्र आपल्या वाटेने चालतच राहतो.

दीर्घकालीन औषधे रोगप्रतिकारशक्तीची चुकीची धाव आवरतात. त्यांनी गेलेली ताकद परत येत नाही आणि घेतल्यावर काही वेगळे जाणवतही नाही. उसळ्या कमी होतात, नवे डाग कमी पडतात, अपंगत्व लांबते. जे घडले नाही तोच या औषधाचा फायदा, आणि न घडलेली गोष्ट दिसत नाही. म्हणूनच यावर विश्वास टिकवणे कठीण जाते.

हात-पाय आखडणे, थकवा, लघवीची घाई यांसाठी वेगळी औषधे आणि फिजिओथेरपी असते. ती लक्षणांसाठी. तिन्ही प्रकार वेगळे आहेत हे एका कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा.

सुरू करण्याआधी

आधी निदान पक्के असावे. एनएमओ नावाचा एक आजार एमएससारखाच दिसतो. तोही डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करतो, पण एमएसची काही औषधे, जसे इंटरफेरॉन, त्यात अपाय करू शकतात. शंका असल्यास डॉक्टर रक्तातील विशिष्ट अँटिबॉडीची तपासणी करायला सांगतात. ही तपासणी महाग वाटली तरी टाळू नका.

याशिवाय औषधानुसार कावीळ-बी, क्षयरोग, कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती, यकृताचे काम आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तपासल्या जातात. आपल्या भागात क्षयरोग आणि कावीळ दोन्ही आहेत. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने ते झोपेतून जागे होऊ शकतात. राहिलेल्या लसीही शक्यतो औषधाआधीच घ्यायच्या असतात.

पर्याय कोणते?

१९९३ पर्यंत या आजाराची वाट बदलणारे एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. आज दहाहून अधिक औषधे आहेत. घेण्याच्या पद्धतीनुसार त्यांचे तीन गट करता येतात.

घरी घ्यायची इंजेक्शने. इंटरफेरॉन बीटा आणि ग्लॅटिरामर ही सर्वांत जुनी. प्रकारानुसार रोज, एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा किंवा एकदा घ्यावी लागतात. दोन्हींमुळे उसळ्या साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. इंटरफेरॉननंतर काही तास तापासारखी कणकण येते. रात्री झोपताना इंजेक्शन आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घेतली की ती सोसते. यकृत आणि रक्तपेशी तपासत राहाव्या लागतात. ग्लॅटिरामरने टोचल्या जागी लाली आणि गाठ येते, म्हणून जागा बदलत टोचायचे. दोन्ही औषधांचा तीस वर्षांच्या आसपासचा अनुभव जगाकडे आहे आणि जंतुसंसर्गाचा धोका ती फारसा वाढवत नाहीत. हे इंजेक्शन रुग्ण स्त्री स्वतः किंवा घरातील नणंद, बहीण शिकून देऊ शकते. रोज दवाखान्यात जाण्याची गरज नाही.

ऑफॅटुमुमॅब हे नवे इंजेक्शनही घरी घेता येते. २०२० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीचे डोस झाल्यावर ते महिन्यातून एकदा घ्यायचे. त्याची ताकद जुन्या इंजेक्शनांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि किंमतही.

गोळ्या आणि कॅप्सूल. टेरिफ्लुनोमाइड ही दिवसातून एकच गोळी. उसळ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. सुरुवातीला केस विरळ होतात, ते बहुधा पुन्हा येतात. पहिले सहा महिने दर महिन्याला यकृताची तपासणी लागते. गर्भावर वाईट परिणाम होण्याचा धोका असल्याने मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी ती योग्य नाही.

डायमिथाइल फ्युमरेट ही दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल. उसळ्या जवळपास निम्म्याने कमी होतात. चेहरा लालबुंद होणे, अंगात गरम वाफ गेल्यासारखे वाटणे, पोटात मळमळ, जुलाब हे त्रास पहिल्या महिना-दोन महिन्यांत होतात. जेवणासोबत घेतल्यास ते कमी होतात. नुसता चेहरा लाल झाला म्हणून अनेकजण आठवड्यात औषध सोडतात. आधीच कल्पना असेल तर सोडण्याची वेळ येत नाही. पांढऱ्या पेशी मात्र ठरावीक काळाने मोजाव्यात.

फिंगोलिमॉड ही २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली गोळी. रोज एक. उसळ्या निम्म्याहून अधिक कमी होतात. पहिल्या डोसनंतर नाडी मंदावते, म्हणून सहा तास देखरेखीखाली बसावे लागते. तीन-चार महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासतात. ही गोळी अचानक बंद केली तर आजार काही जणांत आधीपेक्षा जोराने उसळतो. म्हणून 'संपली होती, पुढच्या महिन्यात आणू' हे या गोळीबाबत चालत नाही.

क्लॅड्रिबिनचा प्रकार वेगळा आहे. दोन वर्षांत, दर वर्षी थोड्या दिवसांचे कोर्स, आणि मग पुढे बराच काळ औषधाविना. पण रक्तपेशी खूप खाली जाऊ शकतात, कर्करोग असलेल्यांना ते देत नाहीत, आणि स्त्री-पुरुष दोघांनीही डोसनंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते.

सलाईनमधून दिली जाणारी औषधे. नॅटालिझुमॅब दर चार आठवड्यांनी दिले जाते. उसळ्या सुमारे दोन तृतीयांशाने कमी करणारे हे प्रबळ औषध आहे. पण ज्यांच्या रक्तात जेसी विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, त्यांच्यात मेंदूचा एक दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणून ती तपासणी करून, पुन्हा पुन्हा करून, मगच हे औषध चालू ठेवतात. तेही अचानक सोडायचे नाही.

ऑक्रेलिझुमॅब दर सहा महिन्यांनी दिले जाते. सुरुवातीपासून हळूहळू वाढणाऱ्या एमएससाठी मान्यता मिळालेले हे पहिले औषध. अमेरिकेत ही मान्यता २०१७ साली मिळाली. आणि त्याच कुळातले जुने औषध म्हणजे रिटुक्सिमॅब. मूळचे ते रक्ताच्या कर्करोगावरचे आणि संधिवातावरचे. भारतीय कंपन्या ते बनवतात, त्यामुळे ते त्या मानाने स्वस्त पडते. एमएससाठी औषधाच्या पाकिटावर त्याचा उल्लेख सापडणार नाही, तरी स्वीडनसारख्या देशात आणि आपल्याकडेही डॉक्टर ते वापरतात. स्वीडनमध्ये नव्या रुग्णांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी शंभरात तिघांना उसळी आली, तर डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांपैकी शंभरात सोळा जणांना.

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी प्रथमच तीन औषधे घेतली: ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब. मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. स्वस्त औषध म्हणजे दुय्यम औषध, असे समजण्याचे कारण उरलेले नाही. मात्र या कुळातील औषधांनी जंतुसंसर्ग वाढू शकतात, कावीळ-बी उफाळू शकते, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील संरक्षक प्रथिने घटू शकतात. त्यांची तपासणी चालू ठेवावी लागते.

कुणाला कोणते?

पूर्वी सौम्य औषधाने सुरुवात करून, आजार आवरला नाही तर प्रबळ औषधाकडे जाण्याची रीत होती. आता अनेक तज्ज्ञ म्हणतात की सुरुवातीची वर्षे सर्वांत मोलाची असतात, म्हणून आजार तीव्र दिसत असेल तर पहिल्यापासूनच प्रबळ औषध द्यावे. दोन्ही मार्गांत तडजोड आहे. एकीकडे आजाराचा धोका, दुसरीकडे औषधाचा.

शेजारच्या कुणाला अमुक गोळी लागू पडली म्हणून ती आपल्यालाही लागू पडेल असे नाही. उसळ्या किती आणि कुठे आल्या, एमआरआयवर डाग किती, वय काय, इतर आजार कोणते, मूल हवे आहे का, दर महिन्याला रक्त तपासायला जाणे जमेल का, शहर किती दूर आहे, खर्च किती वर्षे झेपेल, हे सगळे पाहून निवड होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलसोबत या प्रश्नांची उत्तरेही घेऊन जा. आणि उत्तरे तिला देऊ द्या. अनेकदा शौहर बोलतात, सासरे बोलतात आणि जिला आजार आहे ती मान खाली घालून बसते. रोज गोळी विसरते, सुई टोचून घ्यायची भीती वाटते, लघवीचा त्रास होतो, या गोष्टी ती सर्वांसमोर सांगणार नाही. पाच मिनिटे तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

आई होण्याचा प्रश्न

एमएस असलेली स्त्री आई होऊ शकते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, उसळ्या कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या वाढतात. ही गोष्ट १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झाली. बाळाला पुढे एमएस होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते.

प्रश्न औषधाचा असतो. टेरिफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते. मूल हवे असेल तर दुसरे औषध देऊन ते धुऊन काढावे लागते. फिंगोलिमॉड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवतात, पण नुसते थांबवून चालत नाही, मधल्या काळाची योजना लागते. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन त्या मानाने सुरक्षित मानली जातात. सहामाही सलाईनचे डोसही गर्भधारणेच्या आधी आखून देता येतात. म्हणून ज्या घरात नवी सून आहे, त्या घरात 'औषध बंद कर, मूल होऊ दे, मग बघू' असा सल्ला कुणी देऊ नये. नवरा-बायकोने सहा महिने ते वर्षभर आधी डॉक्टरांशी बोलावे.

याच संदर्भात रिश्त्याचाही विषय येतो. आजार लपवून लग्न लावले की औषधही लपवावे लागते. लपवलेली गोळी रोज घेता येत नाही. आणि सुटलेल्या गोळीची किंमत मुलीलाच मोजावी लागते.

रमजान आणि हज

बरे असलेल्या, फारसे अपंगत्व नसलेल्या अनेक रुग्णांना रोजे जमतात. इराणमधील एका अभ्यासात अशा रुग्णांमध्ये रोज्यांमुळे आजार बिघडल्याचे दिसले नाही. पण हा नियम सर्वांना लागू नाही. उसळी चालू असेल, स्टिरॉइड चालू असेल, चालणे कठीण झाले असेल, किंवा रमजान कडक उन्हाळ्यात आला असेल, तर शरीरावर ताण येतो. आजारी माणसाला शरीयतने सवलत दिली आहे. कझा की फिदया हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. रोजा जमेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दोघांकडे जाण्यात काही विरोध नाही.

औषधाची वेळ बसवणे बहुधा शक्य असते. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते. दोनदाची कॅप्सूल सहरी आणि इफ्तारच्या जेवणासोबत घेता येईल का, ते आधी विचारून घ्या. इंटरफेरॉनचे इंजेक्शन रात्री. सहामाही सलाईनची तारीख रमजानच्या मागे-पुढे मागून घेता येते. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर ती मनात ठेवून औषध सोडू नका. फार्मासिस्टला विचारा, पर्याय आहे का ते पाहा. हे सगळे शाबान महिन्यातच ठरवा, पहिल्या रोज्याच्या रात्री नव्हे.

हजसाठी दोन सूचना. हज-यात्रेकरूंना मेनिंजायटिसची लस आणि पोलिओचे डोस दिले जातात. मेनिंजायटिसची लस जिवंत जंतूंची नाही. पोलिओचे तोंडातून द्यायचे थेंब मात्र जिवंत विषाणूंचे असतात. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल तर लसीकरण केंद्रावर ते आधी सांगा आणि इंजेक्शनच्या पोलिओ लसीबद्दल न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या. दुसरे म्हणजे उष्णता. अंग तापले की एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. थंडावा मिळाला की ओसरतात. ती नवी उसळी नसते. त्रास चोवीस तासांहून अधिक टिकला, किंवा काही नवेच सुरू झाले, तर मात्र डॉक्टरांना गाठा. आधी ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का ते पाहतात.

औषध सुटते कुठे?

औषध सुटण्याची कारणे बहुधा साधी असतात. पहिले म्हणजे बरे वाटणे. दुसरे म्हणजे खर्च. अनेक गोळ्यांची भारतीय कंपन्यांनी बनवलेली जेनेरिक रूपे मिळतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, यात लाज नाही. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठी काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील एकवीस प्रकारांत एमएसचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास अनेक सवलती मिळतात, त्यासाठी प्रमाणपत्र काढून घ्यावे.

खानदानातील कुणी जकातीतून किंवा सदक्यातून मदत करणार असेल, तर एक विनंती. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा सहा महिन्यांच्या औषधाची जबाबदारी घ्या. या आजारात चार महिने औषध आणि आठ महिने खंड, यापेक्षा साधे पण न तुटणारे औषध चांगले.

तिसरे कारण म्हणजे काढे आणि चूर्णे. 'इम्युनिटी वाढवणारे' म्हणून जे विकले जाते ते या आजारात विचार न करता घेऊ नये, कारण इथे प्रतिकारशक्तीच वाट चुकली आहे. यकृतावर ताण देणारे औषध चालू असताना तर जास्तच सांभाळावे. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. हकीमसाहेब किंवा वैद्य काही देत असतील तर ते न्यूरोलॉजिस्टपासून लपवू नका. दुआ करा, दम करवून घ्या, पण गोळीच्या जागी नाही. ड जीवनसत्त्व तपासून सांगितले तेवढे घ्या. तेही औषधाची जागा घेत नाही. आणि घरात सिगारेट, बिडी ओढली जात असेल तर ती बंद व्हावी. धूम्रपानाने एमएस लवकर बळावतो.

कधी थांबवता येते का?

हा प्रश्न रास्त आहे. वय वाढते तशा उसळ्या कमी होतात आणि औषधाचे धोके वाढतात. अमेरिकेत पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाच्या, पाच वर्षे उसळी न आलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे पाच जणांत आजाराची नवी हालचाल दिसली, थांबवणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे बारा जणांत. बहुतेक वेळा ती एमआरआयवरचे नवे डाग एवढीच होती. म्हणजे काहींना थांबवता येईल, पण विचारपूर्वक, देखरेखीखाली. पस्तिशीतल्या बाईने दोन वर्षे बरे गेले म्हणून गुपचूप थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे.

घराने काय करावे?

एका वहीत औषधाची तारीख, रक्ततपासणीची तारीख आणि एमआरआयची तारीख लिहा. डबा संपण्याच्या दहा दिवस आधी नवा आणा. नवा त्रास सुरू झाला की किती वाजता, कुठे, किती वेळ, हे टिपून ठेवा. ती थकली असे म्हणते तेव्हा तिला आळशी म्हणू नका. एमएसमधला थकवा झोपेने जात नाही.

आणि दोन-तीन वर्षांनी, जेव्हा ती पुन्हा शाळेत जात असेल, स्वयंपाकघरात हसत असेल, वुजू करताना दोन्ही हातांना पाणी गार लागत असेल, तेव्हा घरातले कुणीतरी नक्की म्हणेल, "अगं, आता तर तू ठणठणीत आहेस, किती दिवस खाणार हे औषध?" त्या वेळी घरातल्या एकाने तरी तिच्या बाजूने बोलावे: ती ठणठणीत आहे, कारण ती औषध घेते. शिफा अल्लाहच्या हाती आहे. डबा वेळेवर भरून ठेवणे आपल्या हाती आहे.